हरणीची फाइल

गेल्या श्रावणात आमच्या हरणी या कुत्रीने सलग दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तेव्हा तिला घेऊन आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका दवाखान्यात गेलो. रक्त तपासणीला गेले आणि संध्याकाळी कागद हातात आला. त्यात प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या, रकान्यात १,१२,००० हा आकडा होता आणि त्याच्या शेजारी खाली वळलेला ठळक बाण होता, कारण प्रयोगशाळेने कुत्र्यांसाठी छापलेली खालची मर्यादा २,००,००० होती. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी तो बाण पाहिला, पावसाळा म्हणजे गोचिडांचे दिवस हे लक्षात घेतले आणि 'टिक फीवर' असे निदान करून २८ दिवसांचे डॉक्सिसायक्लिन लिहून दिले. त्यांचे फार चुकले असे मी म्हणणार नाही. ग्वाल्हेरच्या पावसाळ्यात कुत्र्याच्या प्लेटलेट कमी दिसल्या की कोणाच्याही मनात आधी एर्लिकिया हा गोचिडांतून पसरणारा जंतूच येतो. मात्र हरणी ग्रेहाउंड या शर्यतीच्या कुत्र्यांच्या जातीची आहे हे त्या कागदावर कुठेही नव्हते. जातीच्या रकान्यात 'मिश्र' असे लिहिलेले होते आणि ते दुरुस्त करून घ्यावे असे मलाही तेव्हा सुचले नव्हते.

रात्री महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एका परिचित डॉक्टरांना फोन केला. आकडा ऐकल्यावर त्यांनी तापाचे काहीच विचारले नाही, पहिला प्रश्न आला तो जातीचा, आणि दुसरा, "ताई, ती धडधाकट असतानाचा एखादा रिपोर्ट आहे का तुमच्याकडे?" तसा रिपोर्ट नव्हता. ही फाइल त्या प्रश्नातून सुरू झाली.

ग्रेहाउंडचे रक्त इतर कुत्र्यांसारखे नसते, ही गोष्ट मला तीन वर्षे तिला सांभाळूनही ठाऊक नव्हती. तांबड्या पेशी या जातीत मुळातच जास्त असतात. इतर कुत्र्यांत पीसीव्हीचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीचा, आकडा साधारण ३७ ते ५५ च्या दरम्यान असतो, तर धडधाकट ग्रेहाउंडमध्ये तो ६० च्या पुढे गेला तरी नवल नाही, आणि अनभिज्ञ माणसाला वाटते की कुत्र्याच्या अंगातले पाणी आटले आहे. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उलट कमी असतात. एक-दीड लाख प्लेटलेट घेऊन ही कुत्री जन्मभर सुखाने धावतात. मूत्रपिंडांच्या तपासणीतले क्रिएटिनिन किंचित वर राहते, ते मूत्रपिंडांच्या आजारामुळे नसून अंगातल्या भरपूर स्नायूंमुळे. सर्वांत फसवा आकडा थायरॉइडचा आहे. टी-४ हे थायरॉइडचे संप्रेरक या जातीत इतके कमी असते की सर्वसाधारण मोजपट्टीवर ते आजारीच ठरते, आणि मग केवळ त्या एका आकड्यावरून जन्मभराच्या गोळ्या सुरू होऊ शकतात. हृदयही अंगाच्या मानाने मोठे असते आणि स्टेथोस्कोपमधून ठोक्यांबरोबर हलकीशी मर्मर (सळसळ) ऐकू येणे हे या जातीत नेहमीचे आहे.

याचा अर्थ ग्रेहाउंडला टिक फीवर होत नाही असा कृपा करून कोणी काढू नये. होतो, आणि वेळेवर उपचार न झाल्यास जिवावर बेततो. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके यांपैकी काही दिसले तर प्लेटलेटचा आकडा काहीही असो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवेत. हरणीच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, एर्लिकियाची वेगळी चाचणी केली, दोन्हींत काही निघाले नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून ताट चाटून पुसून ठेवले. मंगळागौरीच्या रात्री पाहुण्यांपैकी कोणीतरी तिला तुपाने थबथबलेला शिरा भरवला होता, हे आमच्या सासूबाईंनी चौथ्या दिवशी कबूल केले. कोणीतरी म्हणजे कोण, हे घरात सर्वांना माहीत आहे.

मग दोन महिन्यांनी, ती पूर्णपणे ठणठणीत असताना, मुद्दाम रक्त तपासून घेतले. प्लेटलेट १,१८,००० आल्या. तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर लावला आहे आणि त्याखाली तिचे वजन, नाडी आणि ताप यांच्या नोंदी आहेत. ज्यांच्या घरी ग्रेहाउंड आहे त्यांनी निदान एवढे तरी करावे असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या कुत्र्याचा स्वतःचा आकडा हाती नसेल तर डॉक्टरांपुढे छापील मर्यादेखेरीज दुसरे काहीच नसते.

हरणी आमच्याकडे आली ती भाच्यामुळे. तो लुधियानाला नोकरीला होता. पंजाबातल्या गावांतून ग्रेहाउंडच्या शर्यती होतात, आणि पाय दुखावलेल्या कुत्रीला पुढे कोण पोसणार, म्हणून त्याच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याने ती त्याला देऊन टाकली. आली तेव्हा जिना म्हणजे काय हे तिला माहीत नव्हते. आमचे घर जुने, दगडी जिना अरुंद आणि पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या, त्यामुळे पहिला महिनाभर यजमानांनी मागून आणि मी पुढून, असे एकेक पाऊल तिला शिकवले. फरशीवर तिचे चारही पाय चार दिशांना जात, म्हणून दिवाणखान्यात आता जुन्या सतरंज्या अंथरलेल्या आहेत. झोपायला जाड गादी लागते, कारण अंगावर चरबीच नसल्याने कोपर आणि नितंबाची हाडे फरशीवर घासून तिथे घट्टे आणि जखमा होतात. ती डोळे अर्धे उघडे ठेवून झोपते. अशा वेळी तिला जागी समजून अचानक हात लावू नये, आधी नावाने हाक मारावी. घरात लहान मुले येतात तेव्हा हा नियम मी दारातच सांगते.

तिची कातडी या सगळ्यांहून नाजूक आहे. गेल्या माघात गच्चीच्या दाराला लावलेल्या पत्र्याची कड तिच्या मांडीला नुसती घासली आणि चार बोटे लांबीची कातडी जुन्या सुती धोतरासारखी टरकन फाटली. रक्त फारसे नव्हते, पण आतला स्नायू दिसत होता. सासूबाईंनी नेहमीच्या सवयीने हळदीचा डबा आणला आणि मी काही म्हणायच्या आत मूठभर हळद जखमेत गेली. दवाखान्यात टाके घालण्याआधी ती सगळी हळद धुऊन काढण्यात डॉक्टरांचा अर्धा तास गेला. तेव्हापासून कपाटात सलाइनची बाटली, निर्जंतुक गॉज आणि चिकटपट्टी न लागणारे बँडेज ठेवलेले आहे: धुवायचे, गॉजने दाबून धरायचे आणि निघायचे, याव्यतिरिक्त काही करायचे नाही. चिकटपट्टी थेट कातडीवर लावली तर काढताना आणखी कातडी सुटून येते, हेही अनुभवानेच कळले.

टाके घालण्यासाठी भूल द्यावी लागणार होती, आणि इथे फाइल दुसऱ्यांदा कामाला आली. थायोपेंटोन हे भुलीचे जुने आणि स्वस्त औषध ग्रेहाउंडला सोसत नाही. इतर कुत्र्यांत ते चरबीत पसरते आणि त्याचा असर लवकर उतरतो. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी अत्यल्प, शिवाय यकृतातले ते औषध मोडणारे विकरही या जातीत मंद काम करते, त्यामुळे कुत्रे तासन् तास शुद्धीवर येत नाही. हे मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलेले आहे. डॉक्टरांना असे काही सांगताना संकोच वाटतो हे खरे, तरी मी पान उघडून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते वाचले, "बरे झाले दाखवलेत," म्हणाले आणि दुसरे औषध निवडले. दुसरी सूचना अशी की शस्त्रक्रिया नीट पार पडली तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाक्यांभोवती रक्त झिरपू लागणे आणि काळेनिळे डाग पसरणे हे या जातीत वारंवार घडते. हरणीला तिसऱ्या दिवशी तसे झालेच. त्यावर औषध आहे, पण ते मिळण्यासाठी आपण पट्टी उघडून रोज पाहिलेली असावी लागते.

ग्वाल्हेरचा उन्हाळा माणसालाही सोसत नाही, तिथे अशा कुत्रीची काय कथा! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि लू सुटते. आम्ही पहाटे साडेपाचच्या आत तिला फिरवून आणतो आणि संध्याकाळी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून पाहतो. सात सेकंद हात ठेववत नसेल तर तिचे तळवेही त्यावर टेकू द्यायचे नाहीत. एकदा दुपारी ती गच्चीवर अडकून राहिली, खाली आणली तेव्हा ती जोरजोरात धापा टाकत होती आणि थर्मामीटरने १०५ फॅरनहाइट दाखवले. मी न्हाणीघरात नेऊन नळ सोडला, तर गच्चीवरच्या टाकीतून चहाला चालेल असे कढत पाणी आले! शेवटी स्वयंपाकघरातल्या माठांचे पाणी तिच्या पोटावर, मांड्यांवर आणि पायांवर ओतले, पंखा लावला आणि १०३ झाल्यावर ओतणे थांबवून दवाखान्यात नेले. तेव्हापासून चैत्र ते आषाढ न्हाणीघराच्या सावलीच्या कोपऱ्यात दोन बादल्या भरलेल्या असतात आणि त्यांना कोणी हात लावत नाही.

हिवाळ्याचे दुखणे उलट्या बाजूचे आहे. पौषात धुक्याच्या रात्री पारा ४-५ अंशांवर येतो आणि हरणी थरथरते. तिच्यासाठी कोट शिवून घ्यायला आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो, तेव्हा छातीचे माप ७० सेंटिमीटर आणि कमरेचे त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश हे पाहून त्यांनी टेप पुन्हा लावला आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावला. कोट छान झाला आहे. मात्र ऊब मिळते म्हणून ती हीटरला अगदी चिकटून बसते आणि विरळ केसांमुळे कातडी भाजली तरी लवकर उठत नाही, म्हणून हीटरपुढे जाळी लावलेली आहे. बंद खोलीत शेगडी तर माणसांसाठीही पेटवू नये.

गळपट्ट्याविषयी दोन शब्द. ग्रेहाउंडची मान डोक्याहून रुंद असते, त्यामुळे साधा पट्टा कितीही घट्ट केला तरी ती मागे सरकली की कानांवरून निसटतो. लग्नसराईत एका वरातीचा बँड अचानक सुरू झाला आणि माझ्या हातात नुसता पट्टा उरला. ती गल्लीच्या टोकाला बंद दाराशी थरथरत उभी सापडली म्हणून बरे. ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने धावणारे जनावर मोठ्या रस्त्याकडे वळले असते तर हाका मारण्यात काही अर्थ नव्हता. आता मार्टिंगेल पद्धतीचा, ओढ बसताच आवळणारा पण गळा न दाबणारा रुंद पट्टा आहे, आणि कुंपण नसलेल्या जागी तो कधीही सोडला जात नाही. खार किंवा मांजर दिसले की शिकवणी संपते, मग कुत्री कितीही गुणी असो.

खाण्याच्या बाबतीत शेजारी माझ्यावर नाराज आहेत. "भाभीजी, इसको खिलाते नहीं हो क्या?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो, कारण तिच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसतात. त्या दिसायलाच हव्यात. दाल बाजारातल्या एका परिचितांच्या दुकानी धान्याच्या काट्यावर दर महिन्याला तिचे वजन होते आणि २७ ते २८ किलोच्या पुढे गेले की पोळीचा चतकोर बंद होतो. छाती खोल असल्याने पोटात वायू धरून जठर पिळवटण्याचा धोका या जातीला असतो, म्हणून दिवसाचे जेवण तीन वेळांत विभागलेले आहे आणि जेवणानंतर तासभर धावणे बंद. पोट फुगले, उलटीचे उमाळे येऊनही काही पडत नसेल आणि ती अस्वस्थ येरझारा घालत असेल तर सकाळची वाट पाहू नये. कांदेपोह्यांतला कांदा, शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट आणि घरातल्या तापाच्या-दुखण्याच्या गोळ्या तिच्या वाटेला जाणार नाहीत, याची जबाबदारी सासूबाईंनी शिऱ्याच्या प्रकरणानंतर स्वतःहून घेतलेली आहे आणि त्या ती कडकपणे पाळतात.

लंगडण्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. या जातीत हाडांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे लंगडणे आठवड्याहून जास्त टिकले तर मुरगळले असेल असे म्हणून मलम चोळत न बसता एक्स-रे काढावा. गेल्या महिन्यात हरणी पुढचा डावा पाय फरशीवर टेकताना उचलू लागली, मातीवर मात्र नीट चालायची. एक्स-रे स्वच्छ आला. त्याच वेळी वर्षाची रक्ततपासणीही झाली. प्लेटलेट १,१५,००० होत्या आणि कागदावर तोच ठळक बाण होता. डॉक्टरांनी फाइल उघडून मागचा आकडा पाहिला, बाणावर पेनाने काट मारली आणि तिचा पंजा उजेडात धरून बोटांमधली गादी दाबत गेले. मधल्या बोटाच्या गादीत मुगाच्या दाण्याएवढे, कडक आणि वाटोळे कुरूप निघाले.