आमचा साबू आणि त्याचे केस

मुलीला हवा होता सामोयेड, म्हणजे पांढरा, भरपूर केसांचा कुत्रा. रस्त्यात कोणाचा तरी पाहिला आणि तेव्हापासून हट्टच धरला. चौकशी केली तर तो मूळचा सायबेरियातला, नेनेत्स लोकांकडचा. रेनडिअर राखायचे, बर्फावरची गाडी ओढायची, ही त्याची कामं. नर तीस किलोपर्यंत भरतो. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एप्रिलच्या दुपारी त्याने करायचं काय? दिवसभर एसी लावून असे कुत्रे सांभाळणारे पुण्यात आहेत. मला ते परवडणारंही नव्हतं आणि पटणारंही.

पुढे ओळखीच्या एका काकूंकडून पांढरं पिल्लू आलं, 'पॉमेरियन' म्हणून. पहिल्या लसीलाच डॉक्टर हसले. "अहो, हा इंडियन स्पिट्झ. पॉमेरियन साधारण तीन-साडेतीन किलोचा, तोंड आखूड. याचं बघा, लांबट आहे." इंग्रजांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झपासून ही जात इथेच तयार झाली, त्यामुळे इथल्या उन्हाळ्याला ती बरीच सरावलेली आहे. माधुरीच्या सिनेमातला टफी याच जातीचा, हे कळल्यावर आईचा विरोध निम्मा मावळला.

खरं शिक्षण केसांनी दिलं. अंगावर दोन थर: आत दाट मऊ लोकर, वर लांब सरळ केस. उन्हाळा लागताच सोसायटीत जो भेटेल तो म्हणायचा, "मशीन मारून टाका, उकडतंय बिचाऱ्याला." डॉक्टरांनी साफ नकार दिला. वरचे केस ऊन अडवतात. ते काढले तर कातडी भाजते आणि केस पुन्हा पहिल्यासारखे येतीलच असं नाही. त्याऐवजी आतली सुटलेली लोकर काढायची, म्हणजे हवा खेळते. आधी स्लिकर ब्रश (बारीक तारांचा), मग स्टीलचा कंगवा, तोही मुळापर्यंत. नुसतं वरून फिरवलं तर कुत्रा छान दिसतो आणि कानामागे, काखेत गाठी तशाच राहतात. गुंता सोडवल्याशिवाय आंघोळ नाही. ओल्या गाठी आणखी घट्ट बसतात. केस गळायच्या दिवसांत तर पिशवीभर निघतात. पावसाळ्यात याच दाट केसांत गोचीड लपतात, म्हणून फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्यासुद्धा तपासतो.

महापालिकेचा परवाना काढला, दर वर्षी रेबीजची लस चुकवत नाही.

भुंकण्याचं मात्र अजून चालूच आहे. लिफ्टचं दार वाजलं की साबू सगळ्या मजल्याला कळवतो. हल्ली दार वाजताच त्याला चटईवर बोलावून खाऊ देतो. दूधवाल्यापुरतं जमलंय, कुरिअरवाल्याला अजून माफी नाही.