रामचंद्रन आलेख: दोन अणू किती जवळ येऊ शकतात?

भारतीय शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांच्या नावाचा, प्रथिनाची साखळी कशी वळू शकते ते दाखवणारा आलेख बायोकेमिस्ट्रीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतो. तो कोलॅजेन (कातडी, हाडं, स्नायुबंध यांतलं प्रथिन) कसं रचलेलं आहे या वादातून निघाला, हे मात्र फारसं शिकवलं जात नाही.

रामन यांच्या हाताखाली बंगळुरूला आणि पुढे केंब्रिजला काम करून रामचंद्रन १९५२मध्ये मद्रास विद्यापीठात आले. कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाची क्ष-किरण चित्रं पाहून सहकारी गोपीनाथ कार्था आणि त्यांनी १९५४ साली कोलॅजेनची तीन साखळ्यांची रचना मांडली आणि १९५५मध्ये ती सुधारली: तीन साखळ्या, एकमेकींभोवती पिळलेल्या. दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिनच का, याचं उत्तर त्यातच होतं. पिळाच्या मध्यभागी हायड्रोजनपेक्षा मोठा गट मावतच नाही, आणि ग्लायसिनचा बाजूचा गट म्हणजे फक्त एक हायड्रोजन.

कोलॅजेनवरच काम करणारे अलेक्झांडर रिच आणि (डीएनएच्या रचनेमुळे प्रसिद्ध) फ्रान्सिस क्रिक यांनी हरकत घेतली: या रचनेत काही अणू फार जवळ आलेत, आणि तीन अमिनो आम्लांमागे हायड्रोजन बंध दोन नाहीत, एकच बसतो. बंधांच्या बाबतीत तेच बरोबर ठरले. पण ‘फार जवळ’ म्हणजे किती? रामचंद्रन यांनी तोवर उलगडलेल्या लहान रेणूंच्या स्फटिकरचनांमधून अंतरं गोळा केली आणि अणूंच्या प्रत्येक जोडीला कमीत कमी अंतराच्या दोन मर्यादा दिल्या. कार्बन-कार्बन साधारणपणे ३.२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), अगदीच ताणलं तर ३.०. हायड्रोजन-हायड्रोजन २.० आणि १.९. कार्बन-ऑक्सिजन २.८ आणि २.७. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम हा तक्ता. आलेख हा त्याचा हिशेब.

हिशेब असा. अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध सपाट आणि जवळजवळ ताठ, म्हणून साखळीला वळायला प्रत्येक अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनपाशी (अल्फा कार्बन) दोनच कोन उरतात, फाय आणि साय; आलेखात फाय आडवा, साय उभा. ते थोडे थोडे फिरवायचे, प्रत्येक वेळी सगळी अंतरं मोजायची, आणि एकही जोडी मर्यादेच्या आत शिरली की ती जागा बाद. रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह हे १९६३मध्ये छापून आलं. बहुतेक आलेख रिकामाच राहिला. प्रथिनांत नेहमी दिसणारे अल्फा हेलिक्स (मळसूत्री पीळ; फाय, साय सुमारे −५७, −४७ अंश) आणि बीटा पट्ट्या (ताणलेल्या साखळ्या) मात्र मोकळ्या जागेत नेमक्या पडल्या. जुना लेख वाचताना जपा: तेव्हा पूर्ण ताणलेल्या साखळीचे कोन शून्य धरत, आज ते १८० धरतात.

आता प्रथिनाची नवी रचना तपासताना याच आलेखाकडे वळतात (प्रत्येक अमिनो आम्लाचा त्यावर एक ठिपका), आणि इथेच घोळ होतो. ग्लायसिनला बीटा कार्बन (बाजूच्या गटाचा पहिला कार्बन) नाही, त्यामुळे उजव्या बाजूला पडलेला त्याचा ठिपका चूक नसतो. त्याच्यासाठी वेगळा आलेख वापरा. प्रोलिन या अमिनो आम्लाचा फाय त्याच्या रेणूतल्या वर्तुळाकार कड्यामुळे −६५च्या आसपास अडकलेला, त्यालाही वेगळा, आणि प्रोलिनच्या आधीच्या अमिनो आम्लालाही. शेजारची दोन अमिनो आम्लं एकदम मोकळ्या भागाबाहेर पडली तर मधला पेप्टाइड उलटा बसवलाय का ते आधी पाहा: तो उलटला की अलीकडचा साय आणि पलीकडचा फाय दोन्ही साधारण १८० अंशांनी बदलतात. क्ष-किरण मोजमापांतून मिळालेल्या इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात पेप्टाइडच्या कार्बोनिल ऑक्सिजनचा फुगवटा कुठे दिसतो त्यावर निकाल लागतो.

चांगल्या रचनेत ९८ टक्के ठिपके पसंतीच्या भागात (चांगल्या रचनांचे ठिपके जिथे दाटतात तिथे) असावेत, असा आजचा दंडक आहे. पण विभेदन कमी असताना, म्हणजे बारीक तपशील दिसत नसताना, काही जण रचना सुधारतानाच आलेखाची सक्ती लावतात. मग ठिपके ढकलून आत नेले जातात, सीमारेषेला चिकटून रांग लावतात, आकडा सुंदर दिसतो आणि चूक तशीच राहते. ज्या मापाने तपासायचं तेच आधी वापरून टाकलं, तर त्या तपासणीला काय अर्थ? अशा वेळी आलेख बाजूला ठेवून घनता बघावी.

रामचंद्रन यांचं काम इथेच थांबलं नाही: १९७१मध्ये लक्ष्मीनारायणन यांच्याबरोबर त्यांनी क्ष-किरण छायांवरून वस्तूचा आतला छेद काढायची गणिती पद्धत दिली, जी पुढे सीटी स्कॅनच्या कामी आली. त्याबद्दल सविस्तर वेगळं लिहायला हवं.