देवळियाचे तिकीट म्हणजे गीरची सफारी नव्हे

सोमनाथ-दीवच्या सहलीला जोडून एका दिवसात गीरचे सिंह पाहू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी : ‘गीर सफारी’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहाटेच्या फेरीचा परवाना आम्ही स्वतः काढला होता. त्याच दिवशी दुपारी आणखी एक फेरी मिळावी म्हणून वेरावळच्या एका दलालाला पैसे दिले, तेव्हा त्याने जंगलातील सफारी कबूल केली आणि प्रत्यक्षात हातावर ठेवले ते देवळियाच्या बसचे तिकीट, तेही मूळ दराच्या जवळजवळ तिप्पट रकमेला. देवळिया म्हणजे सासण या गीरच्या प्रवेशद्वाराच्या गावाजवळ कुंपण घालून राखलेले सुमारे ४१२ हेक्टरांचे क्षेत्र. तेथे सिंह बहुधा दिसतातच. परंतु ठरलेल्या रस्त्यावरून जाणारी बस, काचेला चिकटलेले चेहरे आणि माणसांना सरावलेले प्राणी यांत रानाचा अनुभव नाही. ज्यांना उघड्या जिप्सीतील धक्के सोसवत नाहीत, त्यांनी तेथे अवश्य जावे. इतरांनी वेळ घालवू नये. बुधवारी देवळिया बंद असते, हेही दलाल सांगत नाहीत.

खऱ्या सफारीचा परवाना गुजरात वनविभागाच्या संकेतस्थळावरूनच काढावा. शोध घेताना मिळत्याजुळत्या नावांची खाजगी संकेतस्थळे आधी समोर येतात आणि फसगत तेथूनच सुरू होते. परवाना एका जिप्सीचा असतो व त्यात सहा जणांपर्यंत जाता येते. जिप्सीचे भाडे आणि गाइडचे पैसे मात्र सासणच्या सिंहसदन या वनविभागाच्या विश्रामगृहात वेगळे भरावे लागतात. म्हणून कोणी ‘सगळे मिळून’ असा आकडा सांगितला, तर या तिन्ही रकमा सुट्या करून विचाराव्यात. परवान्यावर ज्यांची नावे आहेत त्यांनी मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. दिवाळी-नाताळच्या तारखा फार लवकर भरतात आणि १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंद असते.

शक्य असेल तर पहाटेचीच फेरी घ्यावी. मार्च महिन्यातही त्या वेळी जिप्सीत वारा बोचतो आणि सागाची पाने झडल्यामुळे दूरवरचे दिसते. आम्हाला मिळालेल्या मार्गावर बराच वेळ चितळांखेरीज काही नव्हते. मग गाइडने धुळीतील ताजे ठसे दाखवले आणि पुढच्या वळणावर, कोरड्या ओढ्याच्या काठी, एक सिंहीण तीन छाव्यांसह पहुडलेली दिसली. छाव्यांच्या मांड्यांवर अजून फिकट ठिपके होते. एकजण आईच्या शेपटीचा गोंडा दातांत धरून ओढत होता आणि ती डोळेही न उघडता ते चालू देत होती. ते दृश्य पाहून मी इतका भारावलो होतो की दुपारची फसवणूक एरवीपेक्षा अधिक जिव्हारी लागली.

आयाळवाला सिंह शेजारी बसलेला दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. गीरमधील नर माद्यांच्या कळपापासून बहुतेक वेळ वेगळे राहतात आणि मुख्यतः समागमासाठी किंवा मोठ्या शिकारीवर एकत्र येतात. शिवाय नवजात पिल्लांना सिंहीण कित्येक आठवडे दाट झुडपांत लपवून ठेवते; त्यामुळे छावे दाखवण्याची हमी देणाऱ्या गाइडवर किंवा दलालावर मुळीच विश्वास ठेवू नये. आमच्या मागून आलेल्या एका जिप्सीने चांगल्या छायाचित्रासाठी गाडी फारच जवळ नेली, तशी सिंहीण उठली आणि छाव्यांना घेऊन करवंदीच्या जाळीत शिरली. हे पाहून मला मनापासून संताप आला. आपल्या चालकाला आधीच बजावावे की गाडी लांब उभी करून इंजिन बंद ठेवायचे, आणि जवळ नेण्यासाठी त्याला वरकड पैसे कदापि देऊ नयेत.

शेवटचा इशारा रात्रीविषयी आहे. २०२० मध्ये ६७४ असलेली सिंहांची संख्या २०२५ च्या गणनेत ८९१ झाली आणि ते अभयारण्याबाहेर शेतांत, आमराईतही वावरतात. त्याचा फायदा घेऊन काही लोक रात्री आमिष टाकून सिंह दाखवतात. त्याला ‘लायन शो’ म्हणतात. असा खेळ बेकायदेशीर आहे आणि आमिषाला सोकावलेला सिंह माणसाच्या वस्तीकडे येऊ लागतो. कोणी असे विचारलेच, तर साफ नकार द्यावा आणि वनविभागाच्या चौकीत कळवावे.