विनाफेलोशिप रजा

डिसेंबर २०२३चा तिसरा आठवडा. नागपूरच्या अधिवेशनात, विधान परिषदेत, 'पीएचडी करून काय दिवे लावणार' हा प्रश्न विचारला गेल्याला आठवडा झाला होता. आमच्या टेबलापुढे येणारा प्रत्येक संशोधक विद्यार्थी ते वाक्य एकदा तरी ऐकवूनच जायचा. एक जण तर दारातूनच म्हणाला, "सर, दिवे लावायला आलोय. तेल कधी मिळणार?"

एका राज्य विद्यापीठाच्या फेलोशिप कक्षात मी सहायक आहे. त्याआधी परीक्षा विभागात होतो, तिथून बदली होऊन इथे येऊन फार काळ झाला नव्हता. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळालेल्या मुलांची नावं दर महिन्याला कॅनरा बँकेच्या पोर्टलवर भरायची, हे माझं मुख्य काम. पोर्टलच्या भाषेत मी 'मेकर' आणि आमचे कक्षाधिकारी 'चेकर'. मी भरायचं, साहेबांनी तपासून पुढे पाठवायचं, मग पैसे थेट मुलांच्या खात्यावर. विभागाकडून त्या महिन्याचा हजेरीचा दाखला आला नाही तर मी नाव भरत नाही, आणि नाव भरलं नाही तर पैसे नाहीत. मुलं दोन-तीनदा नेट देतात, रात्रंदिवस अभ्यास करून जेआरएफ काढतात, आणि पुढची पाच वर्षं ती जेआरएफ दर महिन्याला या एका कागदावर लटकलेली असते. हे बहुतेकांना पहिला हप्ता चुकेपर्यंत कुणी सांगत नाही.

त्या महिन्यात गर्दी जरा जास्तच होती. सप्टेंबरात यूजीसीने फेलोशिपची रक्कम वाढवली होती. जेआरएफ ३१ हजारांवरून ३७ हजार, एसआरएफ (जेआरएफनंतरची वरिष्ठ फेलोशिप) ३५ हजारांवरून ४२ हजार, आणि तेही १ जानेवारी २०२३ पासून. म्हणजे फरकाची थकबाकी. ती कधी जमा होणार हे विचारायला रोज रांग. शिवाय २४ डिसेंबरला बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपची सामाईक परीक्षा होती, तिची कागदपत्रं मागायला येणारे वेगळे. सरकारने समान धोरण म्हणून प्रत्येक संस्थेला २०० जागांची मर्यादा घातल्यामुळे ही मुलं आधीच तापलेली. पीएचडीला रीतसर नोंदणी झाली, आता पुन्हा परीक्षा कशाची, हा त्यांचा सवाल. मला तो पटत होता, पण माझ्या पटण्याला विचारतो कोण?

सकाळी सकाळी उर्दू विभागातला एक जण येऊन गेला. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप नव्या मुलांसाठी २०२२-२३ पासून बंद झाली, पण याची आधीपासूनची होती. जुन्यांना मुदत संपेपर्यंत मिळणार, असं त्याला तिसऱ्यांदा समजावून सांगितलं. त्याच्या मागे अर्थशास्त्राची एक मुलगी होती, नेट नसलेली. नेट नाही म्हणजे काहीच नाही, असं तिने मनाशी धरून ठेवलेलं. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्यांनाही महिना ८ हजार मिळतात, आमच्यासारख्या राज्य विद्यापीठांत तेवढेही नाहीत, हे खरं. पण सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) डॉक्टरल फेलोशिप आहे: महिना २० हजार, वर्षाला आणखी २० हजार आकस्मिक खर्चाला, जास्तीत जास्त दोन वर्षं. तिला जाहिरात छापून दिली. अर्ज ऑनलाइन भरला तरी संस्थेचा सही-शिक्का लागतो, तो शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नका, एवढं बजावून सांगितलं.

अकराच्या सुमारास ती आली. इतिहास विभागाची, पेशवाईतल्या महसुली कागदांवर काम करणारी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसून मोडीतले रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) वाचलेले, अशी तिची विभागात ख्याती होती. डिसेंबर २०२१मध्ये ती जेआरएफवर रुजू झाली होती, म्हणजे तिची दोन वर्षं नुकतीच पुरी झाली होती. आता जेआरएफची एसआरएफ व्हायची. त्यासाठी त्रिसदस्य समिती बसते, त्यात एक तज्ज्ञ बाहेरचा लागतो. तिची समिती त्याच दिवशी दुपारी तीनला होती आणि फाइलला आजवर मिळालेल्या फेलोशिपचं विवरण जोडायचं राहिलं होतं. तेवढ्यासाठी ती आली होती. दोन मिनिटांचं काम.

विवरण काढलं तर २०२३ साली फेब्रुवारी ते जुलै कोरे.

"या काळात कुठे होता तुम्ही?"

"रजेवर, सर."

"कसली रजा?"

तिने मागे वळून बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. तिची आई बसली होती, मांडीवर टोपरं घातलेलं बाळ.

"मग फेलोशिप?"

"विनाफेलोशिप रजा घेतली होती ना. विभागातनं सांगितलं, असंच असतं म्हणून."

आता इथे थोडं नियमाचं बोलावं लागेल, कारण सगळा घोळ त्यातच आहे. जेआरएफ असलेल्या मुलीला फेलोशिपच्या काळात एकदा प्रसूती रजा मिळते, केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे, आणि फेलोशिपच्या पूर्ण दराने. केंद्राचा नियम १८० दिवसांचा. विनाफेलोशिप रजा हा वेगळाच प्रकार आहे. ती पूर्ण मुदतीत मिळून फार तर एक वर्ष मिळते, कुणाला मध्येच कुठे शिकवायला जायचं असेल वगैरे, तर त्यासाठी. आणि तो काळ पाच वर्षांतच धरला जातो, वाढवून मिळत नाही. म्हणजे या मुलीचे पैसेही गेले होते आणि महिनेही. पीएचडीच्या नियमावलीत स्त्रियांना २४० दिवसांची सवलत आहे, ती आणखी तिसरी गोष्ट. ती पदवीच्या मुदतीसाठी असते, पैशांशी तिचा संबंध नाही. विभागांत या तीन गोष्टींची खिचडी झालेली मी पुढेही बऱ्याचदा पाहिली.

तिची मूळ फाइल कपाटातून काढली. वर छापील फॉर्म: 'शैक्षणिक रजा (विनाफेलोशिप)'. खाली तिची सही, विभागाचा शिक्का, 'मंजूर' असा शेरा. आणि या फॉर्मच्या मागे, टाचणीने लावलेला तिचा हाताने लिहिलेला अर्ज. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: 'प्रसूतीसाठी १ फेब्रुवारी ते ३० जुलै २०२३ रजा मिळावी.' मी बोटांवर मोजलं. फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१... बरोबर १८० दिवस. ना एक कमी, ना एक जास्त.

"हे १८० तुम्ही मोजून लिहिले होते?"

"आत्याबाई शाळेत आहेत माझ्या. त्यांना तेवढीच मिळाली होती. म्हटलं आपणही तेवढीच मागावी."

मागितली बरोबर होती, मंजूर भलतीच झाली होती. पण मग या फॉर्मवर सही केलीच का, असं मी विचारणार तोच तिने फॉर्म हातात घेतला आणि खिडकीकडे धरला. मोडी वाचणाऱ्यांची सवय असावी. एक मिनिटभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, ही सही माझीच आहे. पण लग्नाआधीची."

"म्हणजे?"

"माहेरचं आडनाव आहे, बघा. लग्न झालं २०२२च्या मेमध्ये. त्यानंतर मी नुसत्या नावाची सही करते, आडनाव लिहीतच नाही. या अर्जावर बघा, कशी आहे. आणि या फॉर्मवर तारीख पडलीय जानेवारी २०२३ची. शाईही दोन आहेत. सहीची काळी, वरच्या मजकुराची निळी. अक्षरही माझं नाही."

परीक्षा विभागात असताना मी खाडाखोड केलेल्या गुणपत्रिका पुष्कळ पाहिल्यात, पण असं कागद सोलून दाखवणारं माणूस मला तिथे भेटलं नव्हतं. मी विचारलं, रुजू होताना तुमच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेतल्या होत्या का? घेतल्या होत्या. सगळ्यांच्याच. 'पुन्हापुन्हा बोलवायला नको' म्हणून पाच-सहा फॉर्मांचा संच सही करून ठेवून घ्यायची तिथे पद्धत होती. त्या संचात रजेचा फॉर्म एकच होता, विनाफेलोशिपचा. तिचा अर्ज आला, त्यांनी गठ्ठ्यातून हा फॉर्म काढला, भरला, वर लावला. कुणाचा वाईट हेतू नव्हता, असं मला आजही वाटतं. पण वाईट हेतू असता तरी याहून वेगळं काय झालं असतं, हेही सांगता येत नाही.

फाइल शिपायाकरवी पाठवली असती तर ती आवक-जावकमध्येच आठवडाभर मुरली असती. मी स्वतः काखेत मारून निघालो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, एवढंच म्हणाले, "जीआर-बीआर, नियमांची प्रत घेऊन जा. तोंडी बोलू नकोस." शहाणा सल्ला होता.

विभागप्रमुखांनी सुरुवातीला तेच सांगितलं जे असे लोक नेहमी सांगतात: आमच्याकडे आजवर असं कुणी मागितलेलं नाही. मी अर्ज दाखवला. इथे मागितलंय. मग म्हणाले, फॉर्मवर तिची सही आहे. त्यावर मी काही बोललो नाही. तीच बोलली. सहीचं, आडनावाचं, दोन शाईंचं, शांतपणे, शोधनिबंध वाचून दाखवावा तसं. बाहेरचे तज्ज्ञ समितीसाठी वेळेआधीच येऊन बसले होते. निवृत्त प्राध्यापक, पुढ्यात चहा. त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही कागद मागून घेतले. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाले, "अस्सल आणि नक्कल ओळखायला हिला शिकवलंय कुणी?" विभागप्रमुखच तिचे मार्गदर्शक होते. ते हसले, पण जरा कसनुसे.

शुद्धिपत्रक तिथेच टाइप झालं. 'विनाफेलोशिप रजेऐवजी प्रसूती रजा (पूर्ण फेलोशिपसह) असे वाचावे.' एवढीच ओळ, खाली सही-शिक्का. तीनला समिती बसली आणि तिची एसआरएफची शिफारस झाली. ते काम सरळ होतं, तिच्या कामाविषयी कुणाला शंका नव्हतीच.

लेखा विभागात मात्र अडलं. तिथल्या बाई म्हणाल्या, यातले फेब्रुवारी-मार्च मागच्या आर्थिक वर्षातले, ते आता कसे घेणार? आक्षेप चुकीचा होता असं नाही, फक्त इथे लागू नव्हता. हे पैसे विद्यापीठाच्या तिजोरीतून जातच नाहीत. आपण फक्त 'ही मुलगी या काळात आपली होती' असं सांगायचं असतं. हे त्यांना पटायला साडेपाच वाजले. सहा महिन्यांचे, नव्या दराने, २ लाख २२ हजार. वर घरभाडे भत्ता.

आकडा सांगितला तेव्हा ती काही बोललीच नाही. बाकावरून तिची आई म्हणाली, "म्हंजे पगारी रजाच होती की ही!"

नियमाप्रमाणे फेलोशिप म्हणजे पगार नव्हे आणि फेलो म्हणजे नोकर नव्हे. हे वाक्य आम्ही पत्रांतून इतक्यांदा लिहितो की ते टाइप करताना बघावंही लागत नाही. पण त्या बाईंचं म्हणणं दुरुस्त करायला माझी जीभ उचलली नाही. मुलांची खरी पंचाईत हीच आहे. फेलोशिप ती मेहेरबानी म्हणून घेतात, त्यामुळे कापली गेली तरी का कापली ते विचारत नाहीत. सहा महिने ही मुलगी घरातून पैसे उसने घेत होती आणि चौथ्या प्रकरणाची टिपणं काढत होती, आणि तिच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नव्हतं. 'असंच असतं.'

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या सहीने सगळ्या विभागांना पत्र गेलं: सही केलेले कोरे फॉर्म ठेवू नयेत, असतील ते कक्षाकडे जमा करावेत. वाटलं होतं, कोण कबूल करतंय! पण आठवड्याभरात चांगला गठ्ठा जमला. रसायनशास्त्रवाल्यांनी तर बोहनी म्हणून आपणहून आणून दिला. ते फॉर्म आम्ही आडवे फाडले आणि रजेचा नवा फॉर्म केला, त्यात प्रसूती रजेचा रकाना सर्वांत वर. दोन विभागांतून अजून जुनाच येतो.

तिची मूळ रक्कम उन्हाळ्यात जमा झाली. घरभाडे भत्ता राहिला. लेखापरीक्षणात प्रश्न निघाला की रजेच्या काळात ती माहेरी, गावी राहत होती, मग शहराच्या दराने भत्ता कसा? तिने उत्तर पाठवलं आहे. शहरातली खोली तिने सोडलेली नव्हती, भाडं चालूच होतं. सहाही महिन्यांच्या पावत्या, घरमालकाचं पत्र, वीजबिलं, सगळं परिशिष्ट अ, ब, क अशी नावं देऊन, वर सूची लावून. आमच्या कक्षात इतकी नीट लावलेली फाइल दुसरी नाही. तिच्यावर सध्या 'तपासून सादर करावे' असा शेरा आहे, आणि तपासायची आहे मला. सोमवारी बसतो.