दाबून काढलेला आवाज
स्पीच थेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा घसा अतिवापराने बिघडलेला असतो. हा तरुण मात्र आवाज जाड करण्याच्या प्रयत्नात आजारी पडला होता. वयात आल्यानंतरही फोनवर लोक त्याला ‘ताई’ म्हणत आणि घरचे त्यावर हसत, म्हणून तो हनुवटी खाली घेऊन खर्जात बोलू लागला होता. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज बसायचा आणि घसा दुखायचा. दुर्बिणीच्या तपासणीत स्वरतंतू निरोगी दिसले. परंतु बोलताना त्यांच्या वरचे मिथ्या स्वरतंतू, म्हणजे एरवी बोलण्यात भाग न घेणाऱ्या घड्या, दोन्ही बाजूंनी आवळले जात होते. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘आवाज अधिक पुरुषी व्हावा’ असे लिहिले होते. ज्या अपेक्षेने दुखणे निर्माण केले, तीच उपचाराचे उद्दिष्ट म्हणून पुढे आलेली पाहून मला संताप आला.

अशा रुग्णाकडून मी आधी वाक्ये म्हणून घेत नाही, कारण शब्द तोंडात येताच सवयीचा ताण परततो. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंचे ताठरलेले स्नायू बोटांनी हळूहळू सैल केले, पाण्यात बुडवलेल्या नळीतून बुडबुडे काढत त्याला गुणगुणायला लावले, आणि मग सहज होकार देतो तसा नुसता ‘हं’ म्हणायला सांगितले. तो ‘हं’ १५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १५० कंपनांच्या, आसपास उमटला, स्वच्छ आणि मोकळा. प्रौढ पुरुषांचा बोलण्याचा स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ असतो आणि स्त्रियांचा १६५ ते २५५, म्हणजे हे दोन पट्टे मुळातच एकमेकांत शिरतात. त्याचा स्वर तर सरळ पुरुषांच्याच पट्ट्यात होता. मी आकडे दाखवले, ध्वनिमुद्रण ऐकवले. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, “हा मी नाही. असा बोललो तर ऑफिसात माझं कोण ऐकेल?”

तरीही पुढची काही मिनिटे तो मोकळ्या आवाजात बोलला. तेवढ्यात वडिलांचा फोन आला, आणि ‘हॅलो’ म्हणण्यापूर्वीच त्याची हनुवटी खाली गेली, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या.

स्नायू मी सैल करू शकते. परंतु ज्या ताणालाच तो इतकी वर्षे ‘मी’ समजत आला, तो सोडायला सांगताना त्याच्याकडून मी नेमके काय मागते आहे, हा विचार मला सोडत नाही. केसपेपरवर उद्दिष्ट म्हणून मी ‘न दुखता दिवसभर बोलता येणे’ एवढेच लिहिले. पुढच्या वेळी वडिलांना सोबत आणायचे का, हे त्यानेच ठरवायचे आहे.