त्या ४० मिनिटांचा पेपर

मी शाळेत विशेष शिक्षिका आहे. सहामाहीतला विज्ञानाच्या पेपरचा दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

नववीतला मुलगा, डिसग्राफियाचं, म्हणजे हाताने लिहिण्यात अडचण येणाऱ्या लर्निंग डिसॅबिलिटीचं सर्टिफिकेट आहे. तोंडी विचारा, प्रकाशाचं परावर्तन असं समजावून सांगेल की ऐकत राहावं, पण लिहायला बसला की पेन इतकं दाबून धरतो की बोटांची टोकं पांढरी पडतात, अर्ध्या पानानंतर अक्षरं ओळ सोडून खाली घसरतात आणि खोडून खोडून कागदाला भोक पडतं. त्याला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मंजूर होता, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. पत्र ऑफिसच्या फाइलमध्ये होतं आणि तिथेच राहिलं, सुपरवायझर सरांपर्यंत कुणी पोचवलंच नाही.

घंटा झाली आणि सरांनी पेपर काढून घेतला. लेखनिक म्हणून बसलेली आठवीची मुलगी सांगायला गेली तर "नियम सगळ्यांना एकच" म्हणून तिलाही गप्प केलं. मी पोचले तेव्हा तो रिकाम्या बाकावर बसून चौथ्या प्रश्नाचं उत्तर तोंडातल्या तोंडात म्हणत होता, विसरू नये म्हणून. पोटात कालवलं माझ्या.

आधी दोघांना ऑफिसात माझ्या नजरेसमोर बसवलं, कुणाशी बोलू दिलं नाही, नंतर कुणी म्हणायला नको की मधल्या वेळात उत्तरं विचारून घेतली. मग सरांना तिथेच बोलावलं. सर वाईट नाहीत, त्यांना खरंच वाटत होतं की बाकीच्या मुलांवर अन्याय होतोय. त्यांच्यापुढे मी त्याची वही ठेवली, भोकं पडलेलं पान उघडून, आणि सांगितलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी स्पष्ट धरलीय, कलम १७ मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ आणि लेखनिक दोन्ही लिहिलेलं आहे. सरांनी विचारलं, सर्टिफिकेटवरचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या आत असलं तर? तर तेही २०२१ ला सुप्रीम कोर्टात झालंय, यूपीएससीच्या एका उमेदवाराचा हात लिहिताना आखडायचा, टक्के भरत नाहीत म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता, कोर्टाने सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. सर बराच वेळ ते पान बघत राहिले.

हेडसरांनी पेपर परत दिला, ४० मिनिटं पूर्ण. आकृती मात्र त्याने स्वतः काढली, लेखनिकेला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी त्याची आई आली, हात जोडून म्हणाली, "बाई, उपकार झाले तुमचे." मला ते ऐकवेना. आपण सगळे 'सवलत सवलत' म्हणतो ना, त्यामुळे हे असं होतं, कायद्याने पोराचं जे आहे ते मागतानाही आईने हात जोडायचे. मी त्यांना खाली बसवलं आणि मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स हातात दिली, म्हटलं पुढच्या प्रत्येक परीक्षेला ही त्याच्या दप्तरात असू द्या, पुन्हा कुणी अडवलं तर दाखवायची आणि मला फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या पेपरला तेच सर व्हरांड्यात मला शोधत आले. लेखनिक ५ मिनिटं उशिरा आलीय, मग त्याची वेळ कधीपासून धरायची?

म्हटलं सर, ती शेजारी बसल्यापासून.