तार जागेवर होती

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत 30 वर्षे हिशेब लिहिताना माझी विडी कधी सुटली नाही. गेल्या वर्षी शंभरेक पावले चालताच डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत पेटके येऊ लागले आणि थांबले की जाऊ लागले. तपासणीत, ओटीपोटातून मांडीकडे उतरणारी इलियाक धमनी कॅल्शियमच्या थरांनी चिंचोळी झाल्याचे दिसले आणि बेळगावच्या एका रुग्णालयात स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालायचे ठरले. संमतीपत्र इंग्रजीत होते. पुतण्याने ते मराठीत समजावले, पण 'धमनी फाटू शकते' या वाक्याशी मी थांबलो नाही.

जांघेतून धमनीत फुगा नेऊन, तो फुगवून ती रुंद करायची होती. भूल फक्त जांघेपुरती असल्याने मी जागा होतो. "काका, फुगा फुगवताना दाबल्यासारखे होईल, पण जोराची कळ आली तर लगेच सांगा," असे डॉक्टरांनी बजावले होते. पहिल्या वेळी सोसवले. दुसऱ्या वेळी कमरेत सुरी फिरावी तशी कळ आली आणि फुगा उतरवल्यावरही ती थांबेना. तरी मी दात आवळून पडून राहिलो, हा माझा मूर्खपणा. उशाशी उभ्या असलेल्या सिस्टरने माझ्या कपाळावरचा घाम पाहून कानडीत "नोवु?" असे विचारले, तेव्हा कुठे मी मान हलवली. तोवर वरचा रक्तदाब 140 वरून 80 वर आला होता, आणि एक्स-रेच्या पडद्यावर धमनी दिसावी म्हणून सोडलेल्या औषधाचा काळा रंग धमनीबाहेर शाईच्या डागासारखा पसरत होता.

फुगा आणि स्टेंट ज्या बारीक तारेवरून आत सरकवतात, ती धमनीतली तार डॉक्टरांनी काढलेली नव्हती, आणि सगळे त्यावरच निभावले. तिच्यावरूनच फुगा पुन्हा फाटलेल्या जागी नेऊन त्यांनी हलकेच फुगवला, म्हणजे बाटलीला बूच बसावे तसे रक्त अडले. पाय मात्र गार पडून बधिर झाला. सलाईन जोरात सोडले, रक्ताच्या 2 पिशव्या मागवल्या. कव्हर्ड स्टेंट, म्हणजे जाळीवर पातळ पडदा मढवलेला स्टेंट, जाड असल्याने जांघेतली नळीही मोठी घालावी लागली. तो उघडल्यावर पुन्हा रंग सोडला, तेव्हा डाग वाढला नाही. मग रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनचा परिणाम उतरवणारे प्रोटामिन दिले.

पुढे रात्रभर पाय सरळ ठेवून पडून राहायचे होते आणि हिमोग्लोबिन पुन्हापुन्हा तपासले जात होते. तिसऱ्या दिवशी कमरेला वांग्याच्या रंगाचा डाग उमटला. तो साठलेल्या रक्ताचा असल्याचे सांगण्यात आले.

आता बसस्थानकापर्यंत न थांबता जातो. विडी सोडून पाच महिने झाले, तरी जेवणानंतर हात खिशाकडे जातोच.